पाण्यावरची बारी

ज्या माणसानं चाळीस वर्षं बैल हाकले, त्याला जगात काहीही हाकता येतं, असं माझं ठाम मत होतं. ट्रॅक्टर मी कुणी न शिकवता चालवला. जावयाची कार एकदा न विचारता चालवली. त्यामुळं वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी शिडाची होडी शिकायला घेतली, तेव्हा माझ्या मनात एवढीशीही शंका नव्हती. शंका सगळ्या नूतनच्या मनात होत्या. नूतन म्हणजे आमचं कुटुंब. लग्नापासून तिनं माझ्याबद्दल ज्या शंका साठवून ठेवल्यात, त्यात आणखी एकीची भर पडली, एवढंच.

पण होडीच्या आधी बेलभंडाऱ्याचं सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला हे कुठलं खूळ लागलं.

आमचं गाव येडगाव धरणाच्या या काठाला आणि नूतनचं माहेर बरोबर समोरच्या काठाला. मधलं पाणी सरळ रेषेत दीडेक किलोमीटर. रस्त्यानं जायचं तर नारायणगावावरून वळसा घालून बावीस. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसलं की सावळेरामच्या अंगणातला दिवा दिसतो. सावळेराम हा नूतनचा थोरला भाऊ. माणूस सरळ. इतका सरळ, की त्याच्या गाईला झालेलं पहिलं चांगलं खोंड त्यानं स्वतःच्या दावणीला न ठेवता बहिणीला दिलं. तो आमचा सर्जा.

सर्जाबद्दल मी बोलायला लागलो तर कथा राहील बाजूला. एवढंच सांगतो, की आमच्या जुन्नर-आंबेगावात बैलगाड्याचा नाद असलेला कुठलाही जाणता माणूस सर्जाचं नाव काढलं की अजून टोपी सरळ करतो.

तर, शर्यतीवर बंदी आली त्याच्या आधीची शेवटची यात्रा. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, एकेक गाडा सुटत होता. एका गाड्याची एक धाव म्हणजे एक बारी. वर रेषेवर एकजण निशाण धरून उभा असतो. बैल रेषेवर आले की तो निशाण खाली पाडतो आणि मग घड्याळ बंद होतं. त्या दिवशी निशाणावर सावळेराम होता. आमची बारी सुटली. सर्जा असा पळाला, की मी खाली उभा राहून ओरडायचंही विसरलो. बैल रेषेवर गेले. निशाण वरच. बैल रेषेच्या पुढं गेले. निशाण वरच. मग कधीतरी सावकाश निशाण खाली आलं आणि आमचा पहिला नंबर गेला. पुढच्या वर्षी बंदी आली. ती उठेपर्यंत सर्जा म्हातारा झाला होता आणि गेल्या वर्षी तो गेलाही.

त्या यात्रेच्या संध्याकाळी मी खंडोबापुढं बेलभंडारा उचलला. "सावळेराम," म्हटलं, "तुझ्या गावच्या रस्त्याला माझा पाय न् माझी गाडी लागणार न्हाई." सगळ्यांसमोर म्हटलं. बेलभंडारा उचलून बोललेला शब्द आमच्याकडं मागं घेत नाहीत. रागात बोललेला तर नाहीच नाही.

तेव्हापासून अकरा भाऊबीजा नूतन एकटी एस्टीनं गेली. येताना चकल्यांचा डबा आणायची. त्या घरची चकली मी तोंडात घालणार नाही, असं जाहीर करून मी ओट्यावर जाऊन बसायचो. डबा दोन दिवसांत रिकामा व्हायचा. कसा, ते तिनं मला कधी विचारलं नाही, हा तिचा मोठेपणा.

या उन्हाळ्यात सावळेरामच्या छातीत दुखलं. पुण्याला नेऊन दोन स्प्रिंगा बसवल्या. नूतनला घेऊन मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. तो रस्ता पुण्याचा होता, सावळेरामच्या गावचा नव्हता. शपथ आड येत नव्हती. तरी मी फाटकातूनच मागं फिरलो आणि समोरच्या टपरीवर चार चहा पिऊन आलो. याची मला लाज वाटते. तेव्हाही वाटली होती.

घरी आल्यावर नूतन भाकरी थापता थापता म्हणाली, "मी ववाळाया बसते ना, तवा दादा माज्याकडं बगतच न्हाई. माज्या मागं दारात बगतो. तुमी आलात का म्हनून. अकरा वर्सं बगतोय."

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"औंदा तरी दोगं जाऊ. म्होरल्या साली कोन आसंल, कोन नसंल."

"बेलभंडारा उचललाय गं."

"म्हाईतीय. मी तितंच उभी व्हते. मला इचारलं आसतं तर जरा जपून बोला म्हनले आसते."

त्या रात्री मी शपथ पुन्हा पुन्हा तपासून पाहिली, वकील कागद तपासतो तशी. माझा पाय न् माझी गाडी. गावच्या रस्त्याला. पाण्याचा कुठं उल्लेख नव्हता.

इथं केतकर सर आले. केतकर सर मूळचे पुण्याचे, निवृत्त होऊन आमच्या शिवारात पाण्याकाठी बंगला बांधून राहतात. त्यांच्या अंगणात ट्रेलरवर एक पांढरी शिडाची होडी ताडपत्रीखाली पडून होती. लांबीला बैलगाडीपेक्षा थोडी मोठी. ट्रेलर गाडीला जोडायचा, पाण्यापर्यंत न्यायचा, होडी पाण्यात सोडायची, डोलकाठी उभी करायची, शीड चढवायचं. सरांची कंबर धरली तेव्हापासून हे सगळं बंद होतं.

"दादाभाऊ, घेऊन जा," सर म्हणाले. "ती बसून राहिली तर खराब होईल. मला फक्त गुरुवारी तुमच्या घरची बाजरीची भाकरी हवी."

सर्जाच्या मागं आमचा गोठा रिकामा होता. त्याच्या जागेवर मी ट्रेलर उभा केला आणि सर्जा गेल्यापासून पहिल्यांदा गोठ्यात दिवा लावला. होडीचं नाव सर्जा ठेवलं. नूतननं हळदकुंकू वाहिलं. मी पुढच्या टोकाला दोन डोळे रंगवले. भादव्यातल्या पोळ्याला तिला झूल घातली, डोलकाठीला गोंडे बांधले आणि ट्रॅक्टरमागं गावातून मिरवणूक काढली. शेजारच्या भगवंतानं विचारलं, "दादाभाऊ, ह्याला पुरनपोळी कुटून चारायची?" मी लक्ष दिलं नाही. नावं ठेवणारे सर्जालाही ठेवत होते.

शिकवणी सुरू झाली. ट्रेलर मागं घेऊन पाण्यात घालणं हा भाग मी पहिल्याच दिवशी असा केला, की सरांनी टाळ्या वाजवल्या. पुढचा भाग अवघड गेला. हे जनावर उलट्या खोपडीचं. मागं सुकाणू असतं, त्याला एक दांडा. डावीकडं जायचं तर दांडा उजवीकडं ढकलायचा. दोन आठवडे मी ज्या झाडाकडं निघालो त्याच्या समोरच्या झाडाला जाऊन लागत होतो. एकदा आम्ही दोघं छातीभर पाण्यात उलटलो. बाजूला भगवंताच्या म्हशी डुंबत होत्या. त्यांनी सरकून जागा दिली.

दांड्याचं जमलं. राहिली दोरी. शिडाची दोरी ओढली की शीड ताणतं, सैल सोडली की ते नुसतं फडफडतं. ही दोरी सर स्वतःच्या हातात ठेवायचे आणि रोज एकच वाक्य सांगायचे, "दादाभाऊ, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. घोटाळा झाला की हातातली दोरी सोडून द्यायची. शीड रिकामं होतं आणि नाव थांबते."

मी मान डोलवायचो. मनात म्हणायचो, सर शिकलेले आहेत पण जनावर त्यांनी कधी सांभाळलेलं नाही. कासरा ओढला की बैल थांबतो. कासरा सोडला तर तो थेट ओतूरच्या बाजारात जाऊन उभा राहील. हातातली दोरी सोडून कुणी कुणाला थांबवलंय?

नूतन काठावर स्वेटर विणत बसलेली असायची. ती म्हणाली, "सर सोडाया सांगत्यात, तुमी ध्यान देत न्हाई."

"तू तुजं ईण."

दिवाळी आली. सर निघताना म्हणाले, "भाऊबीजेला मी पुण्यात बहिणीकडं आहे. मी येईपर्यंत एकटे पाण्यात जाऊ नका."

"न्हाई जात सर," मी म्हणालो. आणि मी शब्द पाळला. एकटा गेलोच नाही. नूतन होती.

भाऊबीजेच्या सकाळी ओझरच्या विघ्नहराकडं तोंड करून मी नारळ फोडला. नूतननं ठेवणीतली जांभळी पैठणी नेसली आणि त्यावर सरांचं नारिंगी जाकीट चढवलं, बुडू नये म्हणून असतं ते. तिच्या मांडीवर ओवाळणीचं ताट आणि करंज्यांचा डबा. मी कोरं धोतर आणि गुलाबी फेटा. भावाला तिनं फोन करून ठेवला होता, "दादा, आमी येतोय. दोगं. पान्यावरनं." "दोगं?" त्यानं दोनदा विचारलं म्हणे. मग तो म्हणाला, "म्या काठाला निशाण घिऊन हुभा ऱ्हातो. वरच्या अंगाला खडक हायेत. निशाण बगून या."

निशाण हा शब्द ऐकून माझं डोकं जरा तापलं. पण सणाचा दिवस होता.

भगवंतानं ट्रॅक्टर धरला, होडी पाण्यात सुटली. वारा पाठीमागून, आमच्या काठाकडून त्यांच्या काठाकडं. शीड भरलं आणि सर्जा असा निघाला, की अंगावर काटा आला. मागं भगवंत टोपी हलवत होता. नूतननं एका हातानं ताट धरलं होतं, दुसऱ्या हातानं होडीची कड.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"झ्याक वाटतंय," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा एस्टीच्या खिडकीत बसून सासरी येताना ती जशी बाहेर बघत होती, तशीच बघत होती. मला वाटलं, हे आधीच करायला हवं होतं.

निम्म्याच्या पुढं गेल्यावर वारा वाढला.

समोरचा काठ जवळ यायला लागला. काठीला भगवं फडकं बांधून सावळेराम उभा होता. मी त्याला अकरा वर्षांनी नीट बघितलं. खांदे उतरलेले. सदरा ढगळ. त्याच्या मागं त्याची बायको चिमाबाई आणि भाऊबीजेला जमलेलं निम्मं गाव. आता वेग कमी करायला हवा होता. मी काय केलं असेल? चाळीस वर्षांच्या सवयीनं मी पाय रोवले, अंग मागं टाकलं आणि "हो, हो, हो" करत दोरी ओढली.

सर्जा उधळला.

होडी एका कुशीवर कलली आणि काठाकडं झेपावली. मी आणखी ओढली. ती आणखी पळाली. खाली दगड दिसायला लागले, तसा मी घाबरून दांडा ढकलला आणि आम्ही काठाला समांतर, सावळेरामच्या समोरून दहा-बारा हातांवरून सूं करत निघून गेलो.

"या पावनं," सावळेराम म्हणाला. वाक्य संपायच्या आत आम्ही त्याच्या पुढं गेलो होतो.

"अवो, घर मागं ऱ्हायलं," नूतन म्हणाली.

"दिसतंय मला."

पुढं वरच्या अंगाचा खडक. मी दांडा विरुद्ध ढकलला. होडी गर्रकन वळली, शिडाचा आडवा दांडा डोक्यावरून सणकन या बाजूचा त्या बाजूला गेला आणि जाताना माझा फेटा घेऊन गेला. फेटा पाण्यावर फुलासारखा पडला आणि आम्ही उलट्या दिशेनं पुन्हा सावळेरामसमोरून निघालो.

"थांबतोय," मी ओरडलो.

"कदी?" सावळेरामनं विचारलं.

खालच्या अंगाला शेतकऱ्यांच्या मोटारी आणि पाइपांचं जंगल. तिथं वळलो. परत आलो. आता काठावरच्या लोकांना गोडी लागली होती. कुणीतरी मोबाइलवर सेकंद मोजत होतं. "बारी आली, बारी आली," असा पुकारा झाला आणि आम्ही समोरून जाताच सावळेरामनं, सवयच ती, फडकं खाली पाडलं.

"दोरी सोडा," नूतन म्हणाली.

"सोडली तर आनखी पळंल."

"सर म्हनले व्हते सोडा."

"सरांनी बैल पाळलाय का कदी?"

तिनं माझा नाद सोडला आणि पुढच्या फेरीत ताट उचलून धरलं. भावाची तब्येत तिला अजून विचारायची होती, नवरा थांबेपर्यंत दम कोण धरणार? "दादा, छातीचं कसं हाय?"

"बरं हाय. तू वाळलीस गं."

"औषिदं घेतोस का?"

उत्तर पुढच्या फेरीला मिळालं. "घेतो. चिमी देती."

ही बोलणी माझ्यासमोरून, माझ्या डोक्यावरून चालली होती, आणि मी दोन्ही हातांनी दोरी ओढत, दात खात, पार वाकडा होऊन बसलो होतो. हाताची सालं निघाली होती. करंज्यांचा डबा पाण्यात पडून उलटला होता आणि काठावरची कुत्री पोहत निघाली होती. गाव हसत होतं. एकटा सावळेराम हसत नव्हता. तो दर खेपेला फडकं वर धरायचा आणि दर खेपेला वेळेवर, अगदी रेषेवर, खाली पाडायचा. ते बघून माझ्या डोक्यातली शीर तडकली. आता बरं जमतंय?

पुढच्या फेरीत मी अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी मनातलं बोललो. बोललो म्हणजे जाता जाता ओरडलो, "त्या येळेला उशिरा पाडलंस निशान!"

"व्हय," सावळेराम म्हणाला.

आणि आम्ही पुढं निघून गेलो.

व्हय? नुसतं व्हय? अकरा वर्षं मी मनात त्याच्याशी भांडलो होतो. तो नाही म्हणेल, मी पुरावे देईन, तो पंचांची साक्ष काढेल, मी घड्याळाचं बोलेन. सगळं तयार होतं. व्हय म्हटल्यावर करायचं काय, हे मी ठरवलंच नव्हतं. खडकाजवळ वळलो ते कसं, हे मला आठवत नाही. फक्त लवकर परत त्याच्यासमोर पोचायचं होतं.

"का?" मी लांबूनच हाक मारली.

तो दोन पावलं पाण्यात आला. "सर्जाकडं बगत ऱ्हायलो," तो म्हणाला. "माज्या गोठ्यात जल्मलेलं खोंड. आसं पळताना..." आणि पुढचं आम्ही त्याला ओलांडून गेल्यामुळं ऐकू आलं नाही.

"काय म्हनला?" मी नूतनला विचारलं.

"मला काय म्हाईत. वळवा लवकर."

मोटारींपाशी वळलो. आता काठावरचं हसणं थांबलं होतं. सावळेराम गुडघाभर पाण्यात उभा होता. हातातलं फडकं खाली लोंबत होतं, ते भिजत होतं, त्याचं त्याला भान नव्हतं.

"डोळं भरलं व्हतं पावनं," तो म्हणाला. "हात खाली आनायचा, ह्येच इसरलो. तुमी ऐकून घेतलं न्हाई. सांगायला दोनदा आलतो. तुमी मळ्यात निगून गेलात."

ते खरं होतं. दोनदा आला होता. दोन्ही वेळा मी मागच्या दारानं मळ्यात गेलो होतो.

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. आणि त्याचं जे झालं होतं तेच माझं झालं. हातात काय आहे, ते काय करायचंय, सगळं विसरलो. बोटं सैल पडली. दोरी हातातून सरकन निघून गेली.

शीड फडफड फडफड करायला लागलं. सर्जानं मान खाली घातली. एक हेलकावा, दुसरा हेलकावा, आणि तो थांबला. वाऱ्यानं त्याला हळूहळू काठाकडं ढकललं आणि सावळेरामच्या गुडघ्याला त्याचं रंगवलेलं तोंड जाऊन टेकलं. सावळेरामनं बैलाच्या कपाळावर ठेवावा तसा त्यावर हात ठेवला.

"सोडली का शेवटी?" नूतन म्हणाली. ताटातली निरांजनं विझली होती, अक्षता भिजल्या होत्या, पैठणीचा काठ पाण्यात होता. पण ताट तिनं सोडलं नव्हतं.

मी पाण्यात उतरलो. त्याला म्हणालो, "दोन स्प्रिंगा हायेत ना रं छातीत? मग पान्यात कशाला हुभा ऱ्हायलास?" आणि त्याचा दंड धरला. तो म्हणाला, "तुमी थांबनार कुटं, काय कळंना." दंड फार बारीक झाला होता. मला रडू आलं, पण अंग सगळं ओलंच होतं, त्यामुळं कुणाला कळलं नाही.

इथं कथा संपली असती. पण घर काठापासून पन्नास पावलं आत होतं आणि मध्ये, गेल्या अकरा वर्षांत मला माहीत नसलेला, ग्रामपंचायतीचा नवा सिमेंटचा रस्ता होता. मोटारींपर्यंत जाणारा. गावचाच रस्ता. मी त्याच्या कडेला येऊन उभा राहिलो. समोर अंगण, अंगणात पाट मांडलेले, आणि मध्ये दहा फूट रुंद बेलभंडारा.

गाव बघत होतं. नूतन ताट घेऊन मागं उभी होती. तिनं तोंड वळवलं, तेवढंच. तिला वाटलं असणार, एवढं होऊनही हा माणूस आता इथून फिरणार.

सावळेराम म्हणाला, "चिमे, आन."

चिमाबाई वहिनी घरातून कापडाची मोठी घडी घेऊन आल्या. लाल रंगाचं, त्याला पिवळी किनार. त्यांनी ती रस्त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत उलगडली. लग्नात नवरदेवाला घालतात तशा पायघड्या. "या पावनं," सावळेराम म्हणाला. "पाय रस्त्याला लागनार न्हाई."

मी पायघड्यांवरून गेलो. ओलं धोतर, उघडं डोकं, त्रेसष्ट वर्षांचा नवरदेव. मागून नूतन आली. तिनं निरांजनं पुन्हा लावली, भावाला पाटावर बसवलं आणि ओवाळलं. या वेळी तो तिच्या मागं दाराकडं बघत नव्हता. तिच्याकडंच बघत होता. अकरा वर्षांची ओवाळणी एकदम ओवाळल्यासारखी ती बराच वेळ ताट फिरवत राहिली.

जेवताना मी चकल्या उघड उघड खाल्ल्या. खाता खाता वहिनींना म्हणालो, "वैनी, एवड्या घाईत पायघड्या कुटनं आनल्या? रस्त्याचं तुमच्या ध्यानात आलं कसं?"

"घाईत कशाच्या?" वहिनी म्हणाल्या. "अकरा सालं झाली की. ह्ये दर भाऊबीजेला सकाळी उन्हात टाकून घडी करून ठिवायला लावत्यात. म्हनत्यात, पावन्यांनी माजा पाय न् माजी गाडी आसं म्हनलंय. एस्टी काय त्यांची गाडी न्हाई. एस्टीनं आले, तर फाट्याला उतरतील, तितनं दारापर्यंत ह्या घालू."

माझ्या तोंडातली चकली तोंडातच राहिली. एस्टी. अकरा वर्षं रोज सकाळी आमच्या दारावरून जाणारी, नूतनला दर भाऊबीजेला घेऊन जाणारी. माझी गाडी नसलेली एस्टी. आणि मी डोलकाठी उभी करायला शिकत होतो.

"तुला हे म्हाईत व्हतं?" मी नूतनला विचारलं.

"एस्टीचं मी तुमाला धा येळा सांगितलं."

"मग?"

"तुमी मळ्यात निगून गेलात."

संध्याकाळी वारा पडला. पाणी काचेसारखं झालं, शीड लोंबायला लागलं. सावळेरामनं आम्हाला त्याच्या पिकअपमधून घरी सोडलं. पिकअप त्याची, त्यामुळं शपथेला धक्का नाही. होडी त्याच्या गोठ्यात राहिली. तिचा ट्रेलर आमच्या गोठ्यात.

अजून तसंच आहे. आठवड्यातून एकदा मी होडी बघून येतो, एस्टीनं. फाट्यावर सावळेराम काखेत घडी घेऊन उभा असतो. मी म्हणालो, आता पुरे, मी खंडोबापुढं माफी मागून मोकळा होतो. तर म्हणाला, "मागा की. पन सावकास मागा. चिमीनं परवाच नवी किनार लावलीया." मग आम्ही गोठ्यात जाऊन होडीत बसतो, कोरड्या जमिनीवर. तो दांडा धरतो, मी दोरी धरतो, सैल. सर्जाच्या गोष्टी निघतात. तीच बारी तो मला परत परत सांगतो, वरून कशी दिसली ते. मी खाली होतो, मला ती नीट दिसलीच नव्हती.

केतकर सर गुरुवारी भाकरीला आले की विचारतात, "दादाभाऊ, होडी कधी आणताय?"

परवा मी म्हणालो, "सर, वारा नीट न्हाई अजून."

समोर पाण्यावर शीड भरून निघावं असा वारा सुटला होता. नूतनच्या वाळत घातलेल्या साड्या दोरीवर आडव्या झाल्या होत्या. सरांनी साड्यांकडं बघितलं, पलीकडच्या काठाकडं बघितलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "खरंय. अजिबातच नाही."